आजा, आजी आणि 'बाय'

हिंदी भाषेंत बापाचा बाप तो दादा आणि आईचा बाप तो नाना. दादी व नानी यांचीहि वांटणी तशीच. मराठीनें ही वांटणी केली नाहीं. संस्कृत 'आर्यक' शब्दापासून प्राकृतांतून उतरलेला 'आजा' दोन्ही घरचा आजाच. मात्र जो भेद शब्दांत नाहीं, तो मराठीनें घरांत ठेवला आहे. 'आजोळ' म्हणजे केवळ आईच्या आईबापांचें घर. बापाच्या बापाचें घर तें आपलेंच. त्यास निराळें नांव कशाला! आपली कुटुंबव्यवस्था समजून घेण्यास हा एक शब्द पुरेसा आहे, असें आम्हांस वाटतें.

लाडक्या नांवांची गोष्ट वेगळी. अण्णा, आबा, तात्या, नाना, माई, मोठी आई हीं नांवें नातवंडें स्वतः घडवीत नाहींत. मोठीं माणसें जी हाक मारतात, तीच मुलें उचलतात. त्यामुळें कोणाचे वडील ते 'अण्णा', आणि नातवाचे आजोबाहि 'अण्णा'च. गोव्यांतील ख्रिस्ती घरांत शापाय आणि शामाय ऐकूं येतात. परंतु नांवें जमविणें हें कोशकारांचें काम. लेखक त्यांचें काय करतात, हा आमचा प्रश्न.

आमच्या व्यक्तिचित्रांतील पुष्कळशा आज्या एकाच सांच्यांतून निघालेल्या असतात. नऊवारी लुगडें, बटवा, जपमाळ आणि तिन्हीसांजेची गोष्ट, कीं झाली आजी! ती कोणाचीहि चालते, म्हणून कोणाचीच रहात नाहीं. साने गुरुजींच्या 'श्यामची आई' (१९३५) ह्या पुस्तकांतील 'दूर्वांची आजी' मात्र केवळ नांवानेंच लक्षांत राहते; तें नांव दुसऱ्या आजीस चिकटविणें शक्य नाहीं.

पु. ल. देशपांडे यांच्या 'गणगोत' (१९६६) ह्या संग्रहांत आजोबांवर एक व आजीवर एक असे दोन लेख आहेत. पहिल्याचें नांव 'ऋग्वेदी', दुसऱ्याचें 'बाय'. वामन मंगेश दुभाषी यांनीं 'ऋग्वेदी' ह्या नांवानें लेखन केलें. 'आर्यांच्या सणांचा प्राचीन व अर्वाचीन इतिहास' हा त्यांचा ग्रंथ. म्हणजे आजोबा नातवाच्या पुस्तकांत आले ते ग्रंथाच्या मुखपृष्ठावरून, आणि आजी आली ती घरांतल्या हाकेंतून. 'बाय' ही हाक किनारपट्टीवर वडीलधाऱ्या बाईस मारतात, तशीच रांगत्या मुलीसहि मारतात. मथळा नुसता 'आजी' असता तर हा दुहेरी जिव्हाळा गेला असता. लेखकाचा कान येथें अचूक आहे.

तथापि ही दोन नांवें शेजारीं ठेवलीं म्हणजे एक गोष्ट टोंचते, आणि ती एका लेखकाची नव्हे, साऱ्या समाजाची आहे. आजोबांचें नांव त्यांनीं स्वतः निवडलें, आजीचें दुसऱ्यांनीं. माहेरीं ठेवलेलें नांव लग्नांत बदललें, सासरचें नांव मुलांच्या हाकेखालीं बुजलें. कित्येक घरांत आजीचें खरें नांव नातवंडांना प्रथम कळतें तें जमिनीच्या कागदावर किंवा तिच्या श्राद्धाच्या संकल्पांत. व्यक्तिचित्र लिहिणाराजवळ आमचें मागणें मोठें नाहीं. हाक घरचीच असूं द्यावी. पण तिच्या आत्यानें बारशाच्या दिवशीं तिच्या कानांत सांगितलेलें नांवहि कोठें तरी एकदां लिहावें.