हेमाडपंती : एक सैल शब्द

काळ्या दगडाचे, चुन्याविना रचलेले जुने देऊळ दृष्टीस पडले की मराठी माणसाच्या तोंडी एकच शब्द येतो : हेमाडपंती. आबिड्स-सुलतान बाजारच्या आपल्या जुन्या घरांतून तर औंढ्याचा नागनाथ आणि हनमकोंड्याचे हजारखांबी देऊळ या दोहोंनाही तो सरसकट लावला जातो. शब्द गोड आहे. पण त्याने पाहण्याची सवय मोडली, असे माझे मत आहे.

हेमाद्री हा महादेव आणि रामचंद्र या यादव राजांचा श्रीकरणाधिप, म्हणजे तेराव्या शतकाच्या उत्तरार्धातला. अंबरनाथचे शिवालय शके ९८२ चे, इ. स. १०६० चे. हेमाद्रीच्या आधी दोनशे वर्षे उभे असलेले देऊळ हेमाडपंती कसे? चुना न वापरण्याची खूण सांगावी, तर चालुक्यांच्या मुलखातही तीच रीत होती.

त्याच बाराव्या शतकात रशियात जी दगडी चर्चे झाली, त्यांना तिथले अभ्यासक व्लादिमीर-सुझदाल, नोव्हगोरोद अशी प्रदेशांची नावे देतात. व्लादिमीरला घडीव पांढरी चुनखडी आणि भिंतींवर कोरलेले सिंह-पक्षी. नोव्हगोरोदला ओबडधोबड दगड-विटा, कोरीवकाम जवळजवळ नाही. नाव उच्चारताच दगड आणि घडवणारा हात दोन्ही डोळ्यांपुढे येतात. आपल्या शब्दातून एका मंत्र्याचे नाव तेवढे कळते.

वास्तविक आपल्याकडे भेद कमी नाहीत. सिन्नरच्या गोंदेश्वराचे शिखर पाहावे : चारी बाजूंनी वर चढत गेलेले पट्टे आणि त्यांच्या मधल्या जागेत लहान लहान शिखरांच्या ओळी. ही भूमिज पद्धती. तिचे प्रसिद्ध उदाहरण माळव्यातील उदयपूरचे उदयेश्वर. अंबरनाथही त्याच गोत्रातले. मात्र निलंग्याच्या नीलकंठेश्वरात एका मंडपाभोवती तीन गाभारे आहेत. देगलूरजवळच्या होट्टलची देवळे चालुक्यकालीन. त्यांची ओढ कर्नाटकाकडे. आणि रुद्रदेवाने ११६३ साली उभारलेले हनमकोंड्याचे देऊळ? तेही तीन गाभाऱ्यांचे. विधानापुरते पाहिले तर निलंगा सिन्नरपेक्षा हनमकोंड्याला जवळचा.

पण इथेही घाई नको. रामप्पा (१२१३) काकतीयांचेच, तरी साहित्य पाहा : भिंतींना तांबूस वालुकाश्म, आतल्या खांबांना चकाकणारा काळा दगड, आणि शिखराला पाण्यावर तरंगणाऱ्या हलक्या विटा. सिन्नरला शिखरही दगडाचेच. अशा दोन देवळांना एकच विशेषण लावणे म्हणजे पुरणपोळी आणि बोब्बट्लू एकच म्हणण्यासारखे. गृहिणी ते ऐकून घेणार नाही.

निलंगा आणि हनमकोंडा १९५६ पर्यंत एकाच हैदराबाद संस्थानात, पुढे राज्यात होते. १९१४ साली स्थापन झालेल्या आणि गुलाम यझदानींनी घडवलेल्या पुरातत्त्व खात्याच्या कक्षेत दोन्ही मुलूख येत. राज्यपुनर्रचनेनंतर फायली वाटल्या गेल्या, आणि त्यांबरोबर अभ्यासही. मराठी लेखक मराठवाड्याच्या वेशीवर थांबतो, तेलुगू लेखक पलीकडून. २०२१ मध्ये रामप्पा जागतिक वारशाच्या यादीत गेले तेव्हा आपल्याकडे कौतुक पुष्कळ झाले. होट्टल किंवा निलंगा त्याच्या शेजारी ठेवून पाहावे, असे फार थोड्यांना सुचले. दोन्ही भाषा घरात बोलणाऱ्या आपल्या कुटुंबांना हे काम इतरांहून सोपे आहे. होट्टल तर तेलंगणाच्या सीमेपासून हाकेच्या अंतरावर आहे.