ओमडुर्मानची चिठ्ठी

सुदानमधला हा खंजीर कमरेला नसतो. म्यानाला चामड्याचे कडे जोडलेले असते. ते डाव्या दंडात चढवायचे. उजवा हात आडवा गेला, की पाते बाहेर!

असा खंजीर संग्राहकाच्या कपाटात आला, की शेजारी हटकून चिठ्ठी: ‘ओमडुर्मान, १८९८’. त्या वर्षी २ सप्टेंबरला किचनेरच्या फौजेने तेथे खलिफाचा पराभव केला आणि गोऱ्या शिपायांनी रणांगणावरची हत्यारे घरी नेली, हे खरेच. परंतु पुढे १९५६ पर्यंत इंग्रज तेथे होते. अंमलदार आले, प्रवासी आले, आणि कारागीर त्यांच्यासाठीही खंजीर घडवीत राहिले. लढाई एका दिवसाची, विक्री अर्ध्या शतकाहून अधिक! हा हिशेब चिठ्ठी लिहिणारा करीत नाही.

पात्यावर विसंबावे, तर जुन्या पात्याला नवे म्यान चढलेले असू शकते. आम्ही म्हणू, आधी कडे पाहा. घामाने काळवंडलेले, आतून गुळगुळीत, पुन्हा शिवलेले कडे कुणाच्या तरी दंडावर वर्षे काढून आलेले असते. कोरे, ताठ कडे बहुधा दुकानातून. यावरून साल कळत नाही, कबूल. पण मग चिठ्ठीवर ‘विसाव्या शतकाचा पूर्वार्ध’ एवढे लिहिताना संग्राहकाचा हात का अडखळावा? किंमत उतरते ना!