कोरलेली भाषा आणि घरातली भाषा : स्थलांतरिताच्या वाचनाचा प्रश्न

जुन्नर तालुक्याच्या पश्चिम कड्यावर, जीवधन किल्ल्याच्या सान्निध्यात घाटघर वसले आहे. येथून नाणेघाट कोकणात उतरतो. कल्याण-सोपाऱ्याच्या बंदरांना जुन्नरमार्गे पैठणशी जोडणारा सातवाहनकालीन व्यापारी मार्ग तो हाच. घाटमाथ्यावरील लेण्यात राणी नागनिकेचा प्रसिद्ध लेख आहे. त्यात अश्वमेधादी वैदिक यज्ञांची आणि दिलेल्या दक्षिणांची तपशीलवार नोंद आहे. नोंदीची भाषा मात्र प्राकृत आहे. यज्ञाच्या मंत्रांची भाषा एक आणि त्या यज्ञाच्या लेखाची भाषा दुसरी. यावरून वाचनपद्धतीचे एक साधे सूत्र हाती येते : लेख ज्या भाषेत कोरला गेला, तेवढ्यावरून कोरवून घेणाऱ्याच्या समग्र भाषाव्यवहाराचे अनुमान करता येत नाही. राणीच्या बाबतीत हे सूत्र सहज मान्य होते. स्थलांतरिताच्या बाबतीत मात्र त्याचा विसर पडतो.

याच मार्गावरील जुन्नरच्या लेणीसमूहांत तीन दात्यांनी स्वतःला ‘यवन’ म्हणवून घेतले आहे. इरिल याने पाण्याची दोन टाकी दिली, चिट याने संघासाठी भोजनमंडप दिला, तर चंद याच्या दानाचा उल्लेख ‘गभदार’ असा आहे. तिन्ही लेख ब्राह्मी लिपीत आणि प्राकृत भाषेत आहेत. इरिल हे नाव परके वाटते. चंद हे नाव इथलेच वाटते. नाशिकच्या त्रिरश्मी लेण्यांतील १७ व्या क्रमांकाच्या लेण्यात तर एका कुटुंबाच्या तीन पिढ्या भेटतात. दाता इंद्राग्निदत्त, त्याचा पिता धर्मदेव आणि पुत्र धर्मरक्षित. तिघांचीही नावे भारतीय आहेत. परंतु दाता स्वतःला उत्तरेकडचा, दत्तामित्रीचा ‘योनक’ म्हणवतो.

‘यवन’ या संज्ञेने प्रत्येक वेळी ग्रीकच अभिप्रेत असावा काय, याविषयी अभ्यासकांत मतभेद आहेत. ते बाजूला ठेवले तरी या लेखांचा रूढ अन्वयार्थ ठरलेला दिसतो : नावे बदलली, भाषा बदलली, दान बौद्ध संघाला दिले, म्हणजे परका समाज इथल्या संस्कृतीत विलीन झाला. या अन्वयार्थात एक गोष्ट सुटते. विलय पूर्ण झाला असेल, तर तिसऱ्या पिढीला जवळ घेऊन उभा असलेला दाता ‘योनक’ हा शब्द का कोरवतो? यावर असे म्हणता येईल की दात्याने आपले गाव, कुळ वा व्यवसाय सांगावा, हा दानलेखांचा संकेतच होता. आक्षेप रास्त आहे; तथापि त्याने प्रश्न मिटत नाही, उलट तो अधिक नेमका होतो. ‘तू कुठला?’ हे विचारणारा संकेत यजमान समाजाचा आहे. त्याला मिळालेले उत्तरही यजमानाच्याच शब्दात आहे. कारण ‘यवन’ हे ग्रीकांनी स्वतःला दिलेले नाव नव्हे, ते पूर्वेकडच्या समाजांनी त्यांना दिलेले नाव. आपले वेगळेपण राखण्यासाठीसुद्धा स्थलांतरिताला दुसऱ्याने दिलेला शब्द वापरावा लागतो. भाषा गमावणे आणि ओळख राखणे या दोन्ही क्रिया येथे एकाच शब्दात घडल्या आहेत.

हाच प्रश्न मराठी भाषक परमुलखात गेला की कसा वाचला जातो, हे तंजावरच्या संदर्भात पाहण्याजोगे आहे. सतराव्या शतकाच्या उत्तरार्धात व्यंकोजीने तेथे भोसल्यांची सत्ता स्थापन केली. १८५५ मध्ये ती संपुष्टात आली. दुसऱ्या सरफोजीच्या काळात, १८०३ मध्ये, बृहदीश्वर मंदिराच्या भिंतीवर भोसले वंशाचा प्रदीर्घ इतिहास मराठीत कोरला गेला. तमिळ मुलखातील चोळांच्या मंदिरावर मराठी अक्षरे उमटली, याचा अभिमान मराठी वाङ्मयेतिहासाला वाटतो. पण जुन्नरचा यवन आणि तंजावरचा राजा यांच्यातील भेद निष्ठेचा नाही, अधिकाराचा आहे. दाता यजमानाच्या भाषेत लिहितो. राजा आपली भाषा यजमानाच्या भिंतीवर लिहू शकतो.

त्या दरबाराचे वाङ्मयही एकभाषिक नव्हते. शहाजीराजाच्या ‘पंचभाषाविलास’ नाटकात संस्कृत, मराठी, तमिळ, तेलुगू आणि हिंदी या पाच भाषा एकत्र नांदतात. राज्य गेले, मोडी दप्तरे बंद झाली. पण तंजावरी मराठी घरांतून बोलली जात राहिली. त्यांतील अनेकांना देवनागरी वाचता येत नाही. मराठी लिहावयाची तर ते तमिळ लिपीत लिहितात. लेखनाला प्रमाण मानणाऱ्या समीक्षेला हा ऱ्हास वाटतो. वस्तुतः भिंतीवरचा लेख सत्तेसोबत थांबला आणि लेखनाविना राहिलेली घरातली बोली पुढे चालत आली. जतनाची जागा कोणती, याचा यावरून पुन्हा विचार व्हावयास हवा.

येथे मराठी समीक्षेतील एक दुटप्पी मापदंड उघड होतो. यवनाने प्राकृत स्वीकारली की ती ‘समरसता’. मराठी कुटुंबाच्या नातवंडांनी तमिळ वा इंग्रजी स्वीकारली की ती ‘अस्मितेची हानी’. घटना एकच आहे. आपण यजमान की पाहुणे, यावरून तिचे नाव बदलते. भूमी आणि भाषा यांचा संबंध अतूट मानणाऱ्या देशीवादी मांडणीलाही हा पेच सोडवता येत नाही. ती भूमीवर ठाम उभ्या असलेल्या समाजाचे वर्णन समर्थपणे करते. चालणाऱ्याचे वर्णन करताना तिच्याकडे ‘मूळ’ आणि ‘तुटणे’ एवढीच रूपके उरतात.

हा पेच दूरच्या मुलखापुरता नाही. घाटघर आणि जुन्नरच्या पश्चिम पट्ट्यातील महादेव कोळी कुटुंबे मजुरीसाठी नारायणगाव-आळेफाट्याच्या बागायती पट्ट्यात उतरतात, काही मुंबई गाठतात. त्यांची मुले शाळेत प्रमाण मराठी शिकतात आणि घरची बोली वर्गाबाहेर ठेवायलाही शिकतात. यांना कोणी स्थलांतरित लेखत नाही. त्यांच्या बोलीचे आक्रसणे हानीच्या खात्यात मांडले जात नाही, कारण ते ‘मराठी’च्या आत घडते. परदेशस्थ कुटुंबांच्या मराठीविषयी परिसंवाद होतात. घाट उतरणाऱ्या कुटुंबाच्या बोलीविषयी होत नाहीत.

नाणेघाटातील लेण्यात सातवाहन राजकुलाच्या प्रतिमा होत्या. त्या आज नाहीत. त्यांच्या वरची नावे तेवढी उरली आहेत. नावांवरून चेहरे वाचण्याची सवय समीक्षेने तेथूनच घेतली असावी. इरिल आपल्या घरात कोणत्या भाषेत बोलत होता, हे दगड सांगत नाही. घाटघरच्या घरात आज कोणती बोली बोलली जाते, हे सांगायला मात्र माणसे आहेत. ती बोलतात तोवर त्यांना ऐकणे शक्य आहे.