म्हातारा कुत्रा, म्हातारा माणूस आणि 'टोगो'

कुत्र्याच्या सिनेमात कुत्रा मरणार, हे पोस्टर बघूनच कळतं. 'टोगो'मध्येही (2019, दिग्दर्शक एरिक्सन कोअर) तो मरतो, त्यामुळे शेवट फोडल्याबद्दल माफी मागत नाही. प्रश्न वेगळा आहे. थकत चाललेल्या जिवाला, त्याची पळायची हौस आहे म्हणून, आपण कुठवर पळवायचं?

गोष्ट खरी आहे. जानेवारी 1925. अलास्कातल्या नोम गावात घटसर्पाची साथ आलेली. औषध आणायचं तर कुत्र्यांच्या गाड्यांशिवाय मार्ग नाही. वीस गाडीवानांनी हातोहात 674 मैल पार केले. त्यातला सर्वांत लांब आणि धोक्याचा टप्पा लिओनहार्ड सेप्पालाचा आणि त्याच्या म्होरक्या कुत्र्याचा, टोगोचा. टोगो तेव्हा बारा वर्षांचा होता. सायबेरियन हस्की साधारण बारा ते पंधरा वर्षं जगतो, म्हणजे आजोबाच म्हणायचे.

शेवटचा टप्पा बाल्टोने धावला, म्हणून पेपरात नाव बाल्टोचं. त्याच वर्षी न्यूयॉर्कच्या सेंट्रल पार्कात पुतळाही त्याचाच. हा अन्याय दूर करायचा म्हणून सिनेमा काढला, असं वाटतं. पण तो भाग मला सगळ्यात कमी महत्त्वाचा वाटला. श्रेय कुणाचं हे भांडण माणसांचं. कुत्र्याला त्याचं काय?

खरी गंमत पात्रनिवडीत आहे. 1925 साली सेप्पाला 47 वर्षांचा होता. विलेम डफो हे काम करताना साठी ओलांडलेला होता. त्या पंधरा वर्षांनी सिनेमाचा विषयच बदलला. डफोच्या चेहऱ्यावरच्या सुरकुत्या, गाडीवरून उतरतानाचं अवघडलेपण, टोगोकडे बघताना डोळ्यांत येणारी धास्ती, हे सगळं चाळिशीतल्या माणसाचं नाही. टोगो लंगडायला लागतो तेव्हा डफो त्याच्यात स्वतःला बघतोय असं वाटतं. पटकथेत हे कुठेच लिहिलेलं नसावं.

नॉर्वेत, म्हणजे सेप्पालाच्या जन्मभूमीत, 'स्कीजोरिंग' नावाचा प्रकार आहे. पायात स्की, कमरेला पट्टा, पट्ट्याची दोरी पुढच्या कुत्र्याला. गाडी नाही, कळप नाही. कुत्रा दमला की दोरी सैल पडते आणि माणूस दमला की तिला झटका बसतो. कुणाला किती झेपतंय हे लपत नाही. 'टोगो'मध्ये गाडी आहे, कुत्र्यांची अख्खी रांग आहे, पण चांगल्या प्रसंगांत कॅमेरा या दोघांमधली अशीच एक दोरी शोधत राहतो. नॉर्टन साउंडचा फुटणारा बर्फ मात्र संगणकाने इतका फुगवलाय की तिथे धास्तीपेक्षा करामत दिसते. मोबाइलवर बघाल तर कदाचित खपून जाईल.

टोगोच्या पिल्लूपणाचे प्रसंग गोड आहेत. दुसऱ्याला देऊन टाकलं तर खिडकीची काच फोडून परत येणारं हे कार्टं (हेही खरंच घडलेलं). सेप्पालाला ते नको असतं. बायको कॉन्स्टन्स मध्ये पडते. पुढे टोगोचं वय झालंय, हेही तीच बोलून दाखवते. ज्युलियन निकोल्सनने हे काम अजिबात रडूबाई न होता केलंय.

माझी तक्रार शेवटाबद्दल आहे. सिनेमात टोगो घरी, आपल्या माणसाजवळ जातो. प्रत्यक्षात सेप्पालाने त्याला अलास्कापासून हजारो मैल दूर, अमेरिकेच्या दुसऱ्या टोकाला मेन राज्यात, पोलंड स्प्रिंगच्या एका श्वानगृहात ठेवलं. तिथे त्याचं म्हातारपण आरामात गेलं. 5 डिसेंबर 1929 रोजी, सोळाव्या वर्षी, त्याला कायमचं शांत करण्यात आलं. तो निर्णय सेप्पालाचाच.

घरात म्हातारं कुत्रं असेल तर या दोन शेवटांतला फरक सांगायला नको. जनावरांच्या डॉक्टरकडे जाऊन 'हो' म्हणणं ही प्रेमातली सगळ्यात अवघड गोष्ट, आणि ती सिनेमाने टाळली. म्हाताऱ्या कुत्र्याला वादळात पळवण्याचा निर्णय दाखवायला तो दीड तास देतो, थांबवण्याच्या निर्णयाला एक मिनिटही नाही. डफो समोर उभा होता. त्याने ते मिनिट सहज पेललं असतं.