जव्हार-मोखाड्यातून अमेरिकेचा आधुनिक इतिहास : एका पाठ्यविषयाचे परीक्षण

अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांचा इतिहास हा महाराष्ट्रातील विद्यापीठांच्या कला शाखेत जुना झालेला विषय होय. तो सर्वस्वी परका म्हणून शिकविण्याची रीतही तितकीच जुनी आहे, आणि ती मराठी विचारपरंपरेशी मुळीच जुळणारी नाही. जोतीराव फुले यांनी १८७३ मध्ये ‘गुलामगिरी’ हा ग्रंथ निग्रो गुलामांना दास्यमुक्त करणाऱ्या अमेरिकेतील लोकांस अर्पण केला. डॉ. आंबेडकर १९१३ ते १९१६ या काळात न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात शिकले, आणि १९४६ मध्ये त्यांनी डब्ल्यू. ई. बी. डु बॉइस यांस पत्र लिहून निग्रोंच्या वतीने संयुक्त राष्ट्रसंघाकडे केलेल्या अर्जाची प्रत मागविली. १९७२ मध्ये मुंबईत उभ्या राहिलेल्या दलित पँथरने आपले नावच ओकलंडमधील चळवळीवरून घेतले. जवळजवळ शंभर वर्षे हा इतिहास येथे स्वतःच्या प्रश्नाच्या अनुरोधाने वाचला गेला. पाठ्यक्रमाने मात्र तो अध्यक्षांच्या कारकीर्दी आणि परराष्ट्रधोरण यांच्या क्रमाने वाचावयास लावला.

असा अनुरोध नेहमीच निर्दोष असतो, असेही नाही. फुल्यांनी अर्पणपत्रिका लिहिली त्यानंतर चारच वर्षांनी, १८७७ मध्ये, दक्षिणेतील पुनर्रचनेचे पर्व संपले, आणि मुक्त झालेला निग्रो खंडाच्या शेतीत व सावकारी कर्जात पुन्हा अडकला. तथापि चुकीचा असला तरी हा वाचकाचा स्वतःचा प्रश्न होता. जव्हार-मोखाड्याच्या विद्यार्थ्यास असा प्रश्न विचारण्याची संधी पाठ्यक्रम देतो काय, एवढाच येथे विचार कर्तव्य आहे.

जव्हार हे मुकणे घराण्याचे संस्थान १९४८ मध्ये मुंबई प्रांतात विलीन होऊन ठाणे जिल्ह्यात आले. १ ऑगस्ट २०१४ पासून जव्हार व मोखाडा हे दोन्ही तालुके पालघर जिल्ह्यात आहेत. वारली, कोकणा, ठाकूर, कातकरी, महादेव कोळी अशी येथील वस्ती बहुसंख्येने आदिवासी आहे, आणि प्रदेश पाचव्या अनुसूचीत मोडतो. डोंगराच्या उतारावर विखुरलेल्या पाड्यांतून महाविद्यालयात येणाऱ्या विद्यार्थ्याचा निम्मा दिवस वाटेतच जातो. अशा ठिकाणी काही भाग वर्गात आणि काही भाग ऑनलाइन, ही मिश्र पद्धती सोयीची वाटावी हे स्वाभाविकच होय. ‘स्वयम्’ हे केंद्रीय व्यासपीठ २०१७ मध्ये सुरू झाले. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०२१ च्या नियमांनी एका सत्रातील ४० टक्क्यांपर्यंत विषय त्यावरून पुरे करण्यास मुभा दिली. मुभा ही मुभाच आहे. तिचा उपयोग कशासाठी करावयाचा, हे नियमात लिहिलेले नसते.

आजवर तो उपयोग मुख्यत्वे व्याख्यानासाठी झाला. येथेच या पद्धतीचा पहिला दोष दिसतो. एका तासाच्या चित्रमुद्रित व्याख्यानास जितकी माहितीवाहकता लागते, तितकीत शेकडो पानांचा मजकूर सहज येतो. मोबाईलच्या मनोऱ्याची लहर सांभाळत टेकडीवर उभ्या असलेल्या विद्यार्थ्यास ते व्याख्यान अडखळत ऐकावे लागते. आणि त्यातले बहुतेक सारे परीक्षोपयोगी पुस्तकात आधीच छापलेले असते. उलट, जे पुस्तकात नाही, जे मोखाड्याच्या कोणत्याही ग्रंथालयात कधी येऊ शकले नसते, ते मूळ साधन अत्यंत हलके आहे. अमेरिकन काँग्रेसच्या ग्रंथालयाने १९३६ ते १९३८ या काळात नोंदविलेली, पूर्वी गुलाम असलेल्या स्त्रीपुरुषांची २,३०० हून अधिक निवेदने विनामूल्य खुली केली आहेत. त्यांतील पाचसहा पानांचे एक निवेदन अगदी क्षीण जोडणीवरही क्षणात उतरते. जड ते पाठवावयाचे आणि हलके ते गाळावयाचे, असा हा विपरीत व्यवहार आहे.

या निवेदनांचे मूल्य केवळ माहितीचे नाही. सांगणारे बहुतेक सत्तरीच्या पुढचे, मंदीच्या काळात विपन्न झालेले; लिहून घेणारे बहुसंख्य गोरे, सरकारी योजनेचे नोकर. वृद्धाने मालकाविषयी बरे बोलावे आणि लेखनिकाने त्याची बोली आपल्या कानाला भासेल तशी वाकडीतिकडी लिहावी, असे जागोजाग घडले आहे. साधनचिकित्सेचा हा धडा पुण्या-मुंबईच्या विद्यार्थ्यास समजावून द्यावा लागतो. पाड्यावर साहेब आला असता म्हातारा माणूस काय सांगतो, काय गिळून टाकतो आणि कागदावर शेवटी काय उमटते, हे जव्हारच्या विद्यार्थ्याने लहानपणापासून पाहिलेले असते. त्याच्या आजोबांच्या पिढीला वेठबिगार ठाऊक होती. लग्नाच्या कर्जापायी सावकाराकडे राबणारा ‘लग्नगडी’ हा शब्द याच मुलखातला. १८६५ च्या तेराव्या घटनादुरुस्तीनंतरही कर्जाच्या वहीने माणूस कसा बांधला गेला, हे त्यास वेगळे सांगावे लागणार नाही.

दुसरा दोष आशयाचा आहे. प्रचलित मांडणीत अमेरिकेचा मूळ रहिवासी पश्चिमेकडील विस्ताराच्या प्रकरणात प्रवेश करतो आणि १८९० च्या वूंडेड नीच्या हत्याकांडाबरोबर निघून जातो. ‘आधुनिक’ इतिहासात त्यास स्थान नाही. वास्तविक त्याच्या आधुनिक इतिहासाचे कळीचे प्रकरण म्हणजे १८८७ चा डॉज कायदा. या कायद्याने जमातीची सामाईक भूमी तोडून कुटुंबप्रमुखास १६० एकरांचा तुकडा दिला आणि उरलेली जमीन वसाहतकारांस खुली केली. तुकड्यावर २५ वर्षांची विश्वस्तता होती. १९०६ च्या दुरुस्तीने तीही सैल झाली. १८८७ मध्ये जमातींकडे सुमारे १३ कोटी ८० लक्ष एकर जमीन होती, ती १९३४ पर्यंत सुमारे ४ कोटी ८० लक्ष एकरांवर आली. ज्या विद्यार्थ्याच्या घरी २००६ च्या वनहक्क कायद्याखालील दाव्याचे कागद पत्र्याच्या पेटीत जपून ठेवलेले आहेत, त्याच्या हाती हा कायदा मूळ शब्दांत द्यावयास हवा. वनहक्काचा पट्टा वारशाने मिळतो, पण विकता येत नाही; त्याच कायद्यात सामूहिक हक्कही आहे. डॉज कायद्यात विक्रीची वाट मुदतीनंतर मोकळी होती आणि सामूहिक हक्क मोडणे हाच हेतू होता. हा फरक ओळखणे म्हणजे तौलनिक इतिहासाचा अभ्यास होय. दोन्हीकडे आदिवासींवर अन्याय झाला, एवढे म्हणणे म्हणजे निव्वळ हळहळ होय.

तुलनेचा मोह किती फसवा असतो, याचे उदाहरण महामंदीच्या प्रकरणात सापडते. डोरोथिया लँग यांनी १९३६ मध्ये कॅलिफोर्नियातील निपोमो येथे टिपलेले स्थलांतरित मातेचे छायाचित्र जवळजवळ प्रत्येक पाठ्यपुस्तकात असते. दिवाळीनंतर वसई-भिवंडीकडील वीटभट्ट्यांवर जाणारी कुटुंबे पाहिलेल्या विद्यार्थ्यास ते तात्काळ ओळखीचे वाटेल. परंतु ओक्लाहोमाचा शेतकरी बव्हंशी परतला नाही. मोखाड्याचा मजूर उचल घेऊन जातो आणि पावसाच्या तोंडी नाचणी-वरईच्या शेतावर परत येतो. ओळख पटल्याच्या आनंदात हा भेद नाहीसा होतो. पुढची गोष्ट अधिक बोलकी आहे. चार दशके ती स्त्री गरीब गोऱ्या शेतकरी मातेचे प्रतीक मानली गेली. १९७८ मध्ये तिची ओळख पटली, तेव्हा ती फ्लॉरेन्स ओवेन्स थॉम्प्सन, १९०३ मध्ये इंडियन टेरिटरीत जन्मलेली चेरोकी वंशाची स्त्री असल्याचे उघड झाले. ज्या टेरिटरीची सामाईक भूमी १८९८ च्या कर्टिस कायद्याने तुकड्यांत विभागण्याचे ठरले, तीच ही. म्हणजे डॉज कायद्याच्या प्रकरणातून गाळलेली व्यक्ती न्यू डीलच्या प्रकरणात निनावी होऊन परत आली होती.

न्यू डीलच्या धरणांविषयीही असेच लिहिता येईल. टेनेसी खोऱ्यातील नॉरिस धरणाने अडीच हजारांहून अधिक कुटुंबे उठविली, ही गोष्ट विजेच्या आकड्यांमागे दडते. मोखाडा तालुक्यातील मध्य वैतरणेचे पाणी मुंबईस जाते आणि तालुक्यातील पाड्यांना उन्हाळ्यात टँकरची वाट पाहावी लागते, हे वर्गात बसलेल्या कोणासही ठाऊक असते.

भाषेचा प्रश्न सर्वांत अवघड आणि सर्वांत दुर्लक्षित आहे. साधने इंग्रजीत, व्याख्यान बहुधा मराठीत, घरची बोली वारली किंवा कोकणा. ‘रेड इंडियन’ हा शब्द मराठी पुस्तकांतून अद्याप गेलेला नाही. त्याऐवजी ‘आदिवासी’ म्हणावे तर चेरोकींची लिखित घटना आणि १८२८ मध्ये सुरू झालेले त्यांचे स्वतःच्या लिपीतील वृत्तपत्र डोळ्यांआड होते. ‘रिझर्व्हेशन’ या शब्दाची गंमत तर विलक्षणच: महाराष्ट्रातील विद्यार्थी त्याचा अर्थ नोकरी-प्रवेशातील राखीव जागा असा घेतो आणि अमेरिकेने मूळ रहिवाशांना सवलती दिल्या, असे उत्तरपत्रिकेत निःशंकपणे लिहितो. चित्रमुद्रित व्याख्यानास ही चूक दिसत नाही, कारण त्यास समोरचा चेहरा दिसत नाही. मिश्र पद्धतीत जे तास वर्गासाठी उरतात, ते अशा शब्दांवर खर्ची पडावयास हवेत. आज ते प्रश्नसंचातील उत्तरे उतरवून देण्यात जातात.