आवाज कुणाचा?

गेल्या महिन्यात एका मोबाइल गेममधलं 'ऑटो' बटण दाबून पाहिलं. गाणं सुरू झालं, पट्ट्या खाली सरकू लागल्या आणि माझं बोट न लागताच एकेक पट्टी 'परफेक्ट' म्हणत फुटत गेली. रिदम गेम स्वतःच स्वतःला खेळतो, याचा राग आलाच. पण खरी चीड दुसऱ्या गोष्टीची आली. मी खेळत असताना गाणं जसं ऐकू येत होतं, तसंच ते आताही ऐकू येत होतं. म्हणजे त्या गाण्यात माझा हात कधी नव्हताच.

तो कधीकाळी होता. १९९७च्या डिसेंबरात कोनामीने 'बीटमेनिया' आर्केडमध्ये आणला: पाच कळा आणि एक फिरती तबकडी. त्याची सगळी थोरवी एका कल्पनेत आहे. गाण्याचे तुकडे केलेले असत. पियानोचा एक सूर, ड्रमचा एक ठोका, गायिकेचा अर्धा शब्द. प्रत्येक तुकडा पडद्यावरून उतरणाऱ्या एकेका खुणेला बांधलेला. कळ दाबली तर तो वाजणार, उशिरा दाबली तर उशिरा वाजणार, दाबलीच नाही तर तिथे भोक पडणार. तबल्याच्या वर्गात बसलेल्या कुणालाही हे समजावून सांगावं लागणार नाही. हात चुकला की ठेका लंगडतो, आणि तो लंगडला हे पाटीवर लिहून दाखवावं लागत नाही.

याहून सुंदर गोष्ट काठिण्याच्या पायऱ्यांत होती. सोप्या पायरीवर गाण्याचा बराच भाग मशीन वाजवे. अवघड पायरीवर तेच तुकडे तुमच्या बोटांखाली येत. वरची पायरी चढणं म्हणजे गाण्यातला आणखी वाटा आपल्या ताब्यात येणं. १९९८च्या 'पॉप्न म्युझिक'ची नऊ ठसठशीत रंगीत बटणं आणि १९९९च्या 'बीटमेनिया टू-डीएक्स'च्या सात कळा याच घराण्यातल्या. त्याआधी, १९९६ मध्ये, मासाया मात्सुउरांनी 'पॅरापा' या रॅपच्या गेममध्ये बटणाला शब्द बांधलेच होते; तिथे गुरूमागोमाग रॅप करायचा. ठेका सांभाळून पदरची भर घातली आणि ती जमली, की शिकवणारा गुरू बाजूला होई आणि रंगमंच खेळणाऱ्याचा होई. इतकं औदार्य मला नंतरच्या फार थोड्या गेममध्ये दिसलं.

'डान्स डान्स रेव्होल्यूशन'ने पायांना काम दिलं, कानांना दिलं नाही. त्यावर अधिक लिहावंसं वाटत नाही. 'रेझ' या नेमबाजीच्या गेमला जाणकार डोक्यावर घेतात, पण तिथे गोळी कधीही झाडा, तिचा आवाज यंत्रच ठेक्यावर बसवून देतं. बेताल माणसाला तालात दाखवणं ही खुशामत झाली. 'बीट सेबर'मध्ये ठोकळे छान कापले जातात.

'गिटार हीरो'ची बाजू मात्र ऐकून घ्यायला हवी. २००५च्या त्या गेममध्ये सूर चुकला की गिटार गप्प होते. म्हणजे चुकीला निदान आवाजाचा दंड होता. पण खेळणाऱ्याच्या हाती अधिकार एवढाच, की आधीच वाजवून ठेवलेली गिटार चालू ठेवायची किंवा बंद पाडायची. २०११ मध्ये ती मालिका थांबवली गेली, तेव्हा गेमचा अतिरेक आणि प्लॅस्टिकच्या वाद्यांची अडगळ ही कारणं दिली गेली. ती खरी आहेत. पण नळ उघडण्या-मिटण्याचं काम माणूस किती वर्षं हौसेने करील?

'गिटार हीरो'नंतर आलेलं बहुतेक सगळं या नळाच्याही मागे गेलं. आर्केडमधल्या 'जुबीट'पासून 'चुनिथम'पर्यंत पडदे झगमगत गेले, बोटांना नव्या कसरती मिळाल्या, पण मागचं गाणं अखंड वाहतच राहतं. आपल्या बोटाला मिळतो तो गुणांचा आकडा, फार तर एक ठराविक टिचकी. निर्माते म्हणतात, लोकप्रिय गाणी तयार मिश्रणाच्या रूपात येतात, त्यांचे तुकडे कसे करणार? मग गेमसाठी गाणी बांधून घ्या. कोनामीच्या संगीतकारांनी तेच केलं. 'बीएमएस', म्हणजे 'बीटमेनिया'च्या धर्तीवरच्या घरगुती फाइली, करणारे हौशी लोकही वर्षानुवर्षं घरी बसून, पैशाची अपेक्षा न ठेवता, एकेक आवाज कापून खुणांना जोडत आले आहेत. फोनवर, विशेषतः ब्लूटूथवर, आवाज उशिरा पोचतो ही अडचण मला मान्य आहे. पण आर्केडच्या मशीनला स्पीकर तारेनेच जोडलेला असतो. तिथे ही सबब चालणार नाही. आवाज आमच्याकडून काढून घेतला तो तंत्र अपुरं पडलं म्हणून नव्हे. चुकलेलं गाणं ऐकवायची भीती वाटते म्हणून. गिऱ्हाइकाला त्याचं बेसूर वाजणं ऐकू आलं तर तो उठून जाईल, हा हिशेब आहे. त्याला सुरेल झाल्यावर काय वाटेल, याचा हिशेब कुणी मांडलेला नाही.

नव्या मशीनवर मी पहिल्यांदा एकच करून पाहतो. गाणं रंगात आलं की दोन्ही हात मागे घेतो आणि ऐकतो. बहुतेक ठिकाणी काहीच होत नाही, गाणं मजेत पुढे जातं. 'टू-डीएक्स'च्या अवघड पायरीवर मात्र पियानो जातो, मग ड्रम जातो, आणि मागे उरलेला एखादा ओढलेला सूर माझ्या हातांची वाट पाहत राहतो.