ओझे वाहणाऱ्याची दृष्टी

लॉरेन्स डोनेगन यांचे 'फोर-आयर्न इन द सोल' (१९९७) हे पुस्तक गोल्फवरचे. पण मी ते वाचले कादंबरीकाराच्या नजरेने. वर्तमानपत्रात लिहिणारा हा स्कॉटिश गृहस्थ युरोपियन टूरवर एक हंगाम रॉस ड्रमंड या धंदेवाईक खेळाडूचा कॅडी झाला. जगाच्या क्रमवारीत ड्रमंडचा नंबर ४३८ वा. आपल्याकडे चरित्र लिहायचे ते पहिल्या नंबराचे! वर्गात मला मात्र रोज भेटतात ते मधल्या बाकांवरचे. म्हणून ही निवडच मला मोलाची वाटली.

या जगाचा नियम निष्ठुर आहे. दोन दिवसांच्या खेळानंतर 'कट' लागतो. त्यात जो गळाला त्याची कमाई शून्य, प्रवासाचा नि मुक्कामाचा खर्च मात्र पदरचा. एका फटक्यावर आठवड्याची भाकरी ठरते. कथेला याहून मोठा संघर्ष कशाला हवा?

डोनेगन यांचा विनोद प्रसन्न आहे, स्वतःवर उलटणारा आहे. पण तीच त्यांची मर्यादाही. पराभव बोचू लागला, की विनोद मध्ये येतो आणि वाचक अलगद सुटतो. शिवाय पिशवी वाहणे हा त्यांच्यापुरता एका हंगामाचा अनुभव. १९९१ साली इंडियन ओपन जिंकणारे अली शेर दिल्लीला कॅडी होते. त्यांनी ती पिशवी पुस्तकासाठी उचलली नव्हती. तसल्या खांद्याने लिहिलेल्या पुस्तकाची मी वाट पाहतो आहे. तोवर हे वाचावे. ४३८ व्या माणसालाही चरित्र असते, एवढे ते निःसंशय पटवते.